काचेची पाटी

नेकनूरच्या वाचनालयाचं साठ वर्षांपूर्वी छापलेलं पुस्तक आजच परत करायचं होतं, आणि माझा चष्मा मोडलेला. शेवट कळल्याशिवाय मी ते देणार नव्हते.

गोष्टीतली बाई हातात मावणाऱ्या काचेच्या पाटीवर वाचते. लेखकानं मोबाइल बरोबर ओळखला होता. फक्त चार्जिंग त्याला सुचलं नव्हतं.

शेवटच्या पानावरची अक्षरं लई बारीक. सवयीनं मी कागदावरच दोन बोटं टेकवून फाकवली.

"आई, मोबाइल न्हाई तो," माझी लेक योगिता दारातून हसली.

अक्षरं मोठी झाली होती.

शेवटची ओळ स्पष्ट दिसली : 'वाचून झाल्यावर तिनं पाटीवर दोन बोटं टेकवली आणि हळूच जवळ आणली.'

योगिताचं हसू थांबलं.

"आई, तू एवढी लहान कावून दिसायलीस?"