मुठीतला चेंडू

हर्षलाने चेंडू टाकायला हात मागे नेला आणि तिचा खांदा वळताच मैदानाच्या कडेच्या फलकावर आकडे उमटले. चेंडू सुटला असता तर त्याचा वेग किती, कोन किती, आणि खाली निकाल: होमरन, म्हणजे फटका थेट मैदानाबाहेर. हर्षलाने हात खाली घेतला. समोरच्या संघाच्या मुली नाचू लागल्या. हर्षलाच्या संघातल्या जळगावच्या मुली बेसबॉलचा अंतिम सामना हरल्या होत्या आणि चेंडू अजून तिच्या मुठीतच होता.

तो कायम तिथेच असायचा. खांद्याच्या वळण्यावरून फलकामागच्या यंत्राला पुढचं सगळं कळतं, मग चेंडू टाकून मुलींचे खांदे कशाला झिजवायचे, असं खेळाच्या संघटनेचं म्हणणं होतं.

मैदान रिकामं झालं तरी चेंडू झेलणारी कॅचर कुंदाताई ग्लोव्ह घालून बसून होती. नियमाला नऊ जणी लागतात म्हणून तिला संघात ठेवलं होतं. तिने जुन्या सवयीने ग्लोव्ह मातीवर आपटला.

"हर्षे, एक टाक ना. खराखुरा."

"होमरन गेला असता तो, ताई."

"आता बॅट कुठंय कुणाच्या हातात? टाक."

हर्षलाने हात फिरवला. हात पूर्ण फिरून खाली आला, पण बोटं उघडली नाहीत. तिने पुन्हा जोर लावून फिरवला. चेंडू मुठीतच राहिला.

कुंदाताईची नजर तिच्या मागे गेली. हर्षलाने वळून पाहिलं. फलक बंद करायचा राहिला होता. त्यावर लिहिलं होतं: वेग शून्य.

"हे कधी आलं?"

"आत्ता तू पहिल्यांदा हात उचललास तेव्हाच," कुंदाताई म्हणाली आणि ग्लोव्ह काढू लागली.