उरलेलं पाणी

“ते आमच्या वहिनींना विचारा,” धाकटा दीर म्हणाला आणि खुर्ची मागे सरकवून निवांत बसला. “मी पडलो धंदेवाला, माझ्यावर विश्वास ठेवू नका. वहिनी मात्र चुकून खोटं बोलल्या, तर त्यांना झोप लागत नाही.”

तपासनीस बाई हसल्या. थोरली वहिनी जरा लाजली, पण मनातून तिला बरं वाटलं.

या खोऱ्याच्या नावाने विकलं जाणारं चीज आता परदेशी जायचं होतं. तिकडच्या लोकांना नुसती चव पुरत नव्हती. ते करताना इथल्या मातीची, पाण्याची वाट लागत नाही ना, हे कोणीतरी बघून सांगायला हवं होतं. सकाळपासून बाईंनी गोठा पाहिला, कढया पाहिल्या, खालच्या ओढ्याचं पाणी बाटलीत भरून घेतलं. आता एकच गोष्ट राहिली होती.

“चीज काढून घेतल्यावर ते हिरवट पाणी उरतं, त्याचं काय करता?”

“थोडं गाईंना पाजतो,” थोरली म्हणाली. “बाकीचं टाकीतून लांबच्या शेतांवर नेऊन शिंपडतो. थोडं थोडं, पातळ करून. एकाच जागी ओतलं तर माती जळते, झरे नासतात. आमच्या ह्यांनी घालून दिलेली पद्धत आहे. ते गेले, पण ह्याने ती मोडली नाही.” तिने दिराकडे कौतुकाने पाहिलं. तो टेबलावरचा चुरा बोटाने गोळा करत होता.

“इतकं मनापासून सांगणारं माणूस क्वचित भेटतं,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

थोरली त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली. तिचं स्वतःचं घर मागच्या बाजूला होतं, पण दिराच्या स्वयंपाकघरातलं तिला काही परकं नव्हतं. तिने कळशीत पेला बुडवायला हात घातला, तोच जावेने तिचं मनगट धरलं.

“ताई, ते नको. ते भांड्यांचं आहे.”

जावेने दाराआडची चादर बाजूला केली. खाली विकतच्या पाण्याचे मोठाले कॅन होते. शेजारी पोरांच्या शाळेच्या बाटल्या, गळ्यापर्यंत भरलेल्या.

“विकतचं? घरची विहीर असताना?”

“पाहुण्या आल्यात म्हणून...”

“आणि पोरं? तीही पाहुणी का?”

जावेने ओट्याकडे तोंड फिरवलं.

थोरली तिथेच उभी राहिली. हिवाळ्यापासून विहिरीच्या पाण्याला आंबूस वास येत होता. तिने दिराला सांगितलं, तर तो म्हणाला, “पानं कुजलीत वहिनी, उकळून घ्या.” पुढे तिच्या पोटात दुखायला लागलं, तेव्हा डॉक्टरांकडे घेऊन गेला तोच. बाकावर तिच्याशेजारी नंबर येईपर्यंत बसून राहिला. पाणी कुठलं पिता, असं डॉक्टरांनी विचारल्यावर तिच्या आधी बोलला तोही तोच: “घरच्या विहिरीचं. एकदम चांगलं.”

उशीर का होतोय ते बघायला दीर आत आला. त्याने कॅन पाहिले, थोरलीचा चेहरा पाहिला आणि हळूच दार लोटलं.

“कुठे ओततोस?” तिने विचारलं.

“वहिनी, हळू बोला.”

“कुठे?”

“वरच्या जुन्या खाणीत.” त्याने आवाज आणखी खाली आणला. “माल वाढला, एवढं पाणी शेतांना झेपेना. आज बाईंचं हो आलं की शुद्ध करायचं यंत्र बसवतोच आहे. तुमच्याकडे नळही देणार होतो.”

“मला सांगायचंस तरी. मीही दुसरं पाणी प्यायले असते.”

तो समजूत घातल्यासारखं म्हणाला, “तुम्हाला सांगितलं असतं, तर मघाशी बाहेर जे बोललात, ते तसं बोलता आलं असतं का?”

त्याच्या आवाजात राग नव्हता, शरमही नव्हती. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा याला हाताला धरून शाळेत सोडायचं काम तिच्याकडे होतं. फाटकापाशी तो तिचं बोट सोडायचा नाही.

तिने पेला ओट्यावर पालथा ठेवला आणि ती बाहेर आली. बाई पिशवी आवरत होत्या.

“बाई, मघाशी मी सांगितलं ते खरं नव्हतं.”

“तुम्ही खोटं बोललात?”

“मी नाही बोलले. पण होतं ते खोटंच. चला, दाखवते.”

“वहिनी!” दीर अंगणापर्यंत धावत आला. “अहो, सगळेच बुडू! तुमचीही चूल यावरच पेटते!”

तिने मागे पाहिलं नाही. चढ चढताना तिला धाप लागली, पण ती थांबली नाही. बाई तिच्यामागून जवळजवळ पळतच होत्या.

खाण काठोकाठ भरली होती. वर पिवळट साय धरली होती आणि जाडजूड पाइपाच्या तोंडातून अजून धार पडत होती. बाईंनी नाकाला रुमाल लावला. खडकाच्या भेगांतून ओल झिरपत खाली गेली होती, आणि खाली, नजरेच्या सरळ रेषेत, विहीर होती.

बाईंनी रुमाल काढला.

“तुम्ही हे पाणी कधीपासून पिताय?”

थोरलीने खाली अंगणाकडे पाहिलं. दीर तिथेच उभा होता.

“वास यायला लागला तेव्हापासूनचं मी सांगते,” ती म्हणाली. “त्याच्या आधीचं त्याला विचारा.”