लाल बोटं

"मागच्या दाराने का आलास, चोरासारखा?" धाकट्याने विचारलं. थोरल्याने पोळलेला हात पुढे केला. "उकळतं तेल उडालं. मलम लाव, तोंड चालवू नकोस." सख्खे भाऊ, पण एकमेकांना पाण्यात पाहणारे. दोघेही रानातली लाल मुळी तेलात कढवून भाजल्यावरचं मलम विकत, आपापल्या दुकानात. दोघांचीही बोटं कायम लाल. "तुझ्याकडचं संपलं वाटतं?" थोरल्याने हात आणखी पुढे सरकवला. "बरं, आधी हात पाण्यात धर." थोरल्याने हात झटकन मागे घेतला. धाकट्याने मनगट पकडून तो बादलीत बुडवला. पाणी लालभडक झालं. मुळीचा रंग तेलातच सुटतो, पाण्यात नाही, हे बापाने दोघांनाही शिकवलं होतं. "लोकांना मुळीऐवजी नुसता रंग विकतोस?" "लावतोस की जाऊ?" "लावतो ना, फुकट लावतो. पण दुकानाच्या पुढच्या दाराच्या पायरीवर, गिऱ्हाइकांसमोर. तिथेच उभा राहून मला भेसळखोर म्हणाला होतास, आठवतं?"