घोंगड्याची सावली

दिवसभर सृष्टीनं कोकणात समुद्राकाठानं गाडी चालवली. माकणीहून आणलेल्या वडलांना, आबांना, डॉल्फिन दाखवले, समुद्रगरुड दाखवला. आपल्याला दूर नोकरी लागल्याचं मात्र ओठांवर येऊनही सांगवलं नाही. "एवढं पाणी, अन् मेंढराला घोटभर पाजता येईना!" आबा म्हणत राहिले. संध्याकाळी वाळूवर कासवांची पिल्लं सोडली. सगळी पाण्याकडं पळाली, एक मागं राहिलं. मागं राहिलेलं कोकरू घोंगड्यात घेऊन चालण्यात आबांचा जन्म गेलेला, ते वाकलेच. "उचलू नका, काका," कासवं राखणारा म्हणाला. "स्वतः चाललं, तरच किनारा ध्यानात राहतो. मोठं होऊन इथंच परत येतं." आबांनी हात आवरला. वर घारी घिरट्या घालत होत्या. आबांनी खांद्यावरचं घोंगडं उलगडून पिल्लावर छतासारखं धरलं आणि त्याच्या चालीनं लाटेपर्यंत गेले. पिल्लू पाण्यात दिसेनासं झालं. भिजलेलं घोंगडं पिळत आबांनी विचारलं, "व्हय गं, कवा निघायचंय तुला?"