सापडणार नाही अशी जागा

"मला सापडणार नाही अशा जागी ठेव," म्हणत नवऱ्याने वेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये भरायच्या निकोटिनच्या द्रावणाची बाटली माझ्या हातात कोंबली. आठ वर्षांची सवय तो पाडव्यापासून सोडणार होता. "अगदीच राहवलं नाही, तर मागेन, तेव्हा थेंबभर दे. आणि जपून, विष आहे ते."

सासूबाईंना कळू नये म्हणून त्याने लेबल केव्हाच खरवडून टाकलं होतं. झाकण उघडताच हापूसचा घमघमाट सुटला.

जागा शोधायला मला वेळ लागला नाही. या घरातले पुरुष पाणीसुद्धा बसल्या जागी मागतात. दोन वर्षांच्या लेकीचाही हात पोचू नये म्हणून मी ती बाटली स्वयंपाकघरात, सर्वांत वरच्या फळीवर, मसाल्यांच्या डब्यांमागे सरकवली.

पाडव्याला गुढी उभारून आम्ही दोघं आत आलो. "सकाळपासून एकदाही मागितलं नाही, बघ," तो फुशारकीने म्हणाला. मला त्याचं कौतुक वाटलं. तेवढ्यात तोच वास आला.

सासूबाई आम्रखंड वाट्यांमध्ये भरत होत्या. ओट्यावर रिकामी बाटली आडवी पडली होती. "यंदा आंब्याला वासच नाही गं. बरं झालं, तू इसेन्स आणून ठेवलास. सगळा ओतला."

"आई, कुणी खाल्लं नाही ना?" मी त्यांच्या हातातली वाटी काढून घेत विचारलं.

"नैवेद्याआधी कोण खाईल? छकुलीला तेवढी वाटीभर भरवली. लेकरू म्हणजे देवच की. बघ कशी, खाल्लं आणि लगेच पेंगुळली."