पहिल्या शुक्रवारचा धूर

"निखारे आत येणार नाहीत," लुस्मिला म्हणाली. "एकसुद्धा नाही."

प्रदर्शन-भवनाच्या दारात बायकांची ही गर्दी. प्रत्येकीच्या हातात शेगडी आणि काखेत पुडकं. पुडक्यात कोआ या रानझुडपाची सुवासिक पानं, रंगीत लोकर, साखरेच्या वड्या आणि ज्यांना परवडलं त्यांच्याकडे लामा या जनावराचं वाळवलेलं पिल्लूही. महिन्याचा पहिला शुक्रवार होता. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात या दिवशी पाचामामाला, म्हणजे धरणीमायेला, धूर दिल्याशिवाय कुणी साधं केशकर्तनालयही चालवत नाही. इथे तर उद्या वर्षातला सगळ्यात मोठा मेळा उघडायचा होता.

लुस्मिला तेर्रासास या भवनाची अग्निसुरक्षा सांभाळायची. उद्या अर्धं शहर लेकराबाळांसह इथे लोटणार होतं, आणि आत काय होतं? कापड, फोम, पुठ्ठे, लाकडी फळ्या, नायलॉनच्या झालरी. या सगळ्यांना धडधाकट घरी पाठवायचं हे तिचं काम. आठवडाभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"मामिता, धूर नाही मिळाला तर धरणी रुसते," दोन्या सेनोबिया, म्हणजे सेनोबियाबाई, म्हणाली. ही विक्रेत्या बायकांची पुढारीण. पांढरी उंच हॅट, पोयेरा नावाचा घेरदार परकर आणि भांडायला पुरून उरेल असा आवाज. "ती रुसल्यावर काय होतं, ते तुमच्या कॉलेजात शिकवत नाहीत."

"आणि धुरानं काय होतं, ते मी सांगते." लुस्मिलानं वर बोट केलं. "छताला धूर ओळखणारे डोळे बसवलेत. नवे कोरे. उदबत्तीएवढा धूर गेला तरी घंटा बोंबलणार आणि बंब धावत येणार."

"येऊ देत की! त्या पोरांनाही मक्याची चिचा पाजू."

बायका खो-खो हसल्या.

"हसा. आज ती उगाच वाजली, तर उद्या खरोखर वाजल्यावर तुम्हीच म्हणाल, कालचीच कटकट असेल. आणि बसून राहाल बटाटे सोलत."

हसणं थांबलं. दोन-तीन बायकांनी शेगड्या खाली ठेवल्या.

त्या घंटेवर लुस्मिलाचा फार जीव होता. ती मिळवण्यासाठी तिनं व्यवस्थापक रोकाबादोचं डोकं खाल्लं होतं. सकाळीच तिनं नियंत्रण-खोलीत जाऊन कळ दाबून बघितली, तेव्हा घंटा अशी दणाणली की सुतार हातोड्या टाकून पळाले. तक्त्यावरचे सगळे दिवे हिरवे. छताच्या डोळ्यांपर्यंत भवनातली एकही शिडी पोचत नव्हती, पण ते बसवणाऱ्यांनी तपासून दिले होते. "आता झोप की जरा, इंजिनेरा," रोकाबादो म्हणाला होता. "आता जागं राहायला घंटा आहे."

शेवटी तडजोड झाली. धूर द्यायचा, पण बाहेर, फरसबंद आवारात. पाण्याची पिंपं भरलेली, वाळूच्या बादल्या ओळीनं, आणि लुस्मिला स्वतः नळी धरून उभी. भवनाचं मोठं दार बंद.

"दार लावून घेऊन पाहुणीला बोलावतेस?" सेनोबियानं नाक मुरडलं. "धूर घरात फिरायला हवा गं."

"आवारात. नाहीतर नाही."

"बरं बाई. तू म्हणशील तसं."

इतक्या पटकन ती कधीच कुणाचं ऐकत नसे. लुस्मिलाच्या ते लक्षात यायला हवं होतं, पण ती वाऱ्याकडे बघत होती.

शेगड्या पेटल्या. आवारभर लाल निखाऱ्यांच्या रांगा लागल्या. बायकांनी चिचाची पहिली धार जमिनीवर सोडली, मग उरलेली आपल्या घशात. पुडकी निखाऱ्यांवर उलटली आणि पांढरा, गोडसर, दाट धूर उठला. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. दुपारी मात्र दरीतला वारा फिरला.

नेमकं तेव्हाच मोठं दार करकरत वर गेलं. साखळी ओढत होती सेनोबिया.

"बंद करा! दार बंद करा!" लुस्मिला ओरडत धावली. नळी हातात तशीच.

उशीर झाला होता. धूर आत शिरला, दुकानांच्या गल्ल्यांतून सरपटत गेला आणि मग उठला. उंच काचांतून आलेल्या उन्हाचे खांब त्याच्यात एकदम उभे राहिले. झालरी गेल्या, पाट्या गेल्या, छतसुद्धा दिसेनासं झालं, आणि त्या पत्र्याच्या कोठारात डोंगर उतरून आल्यासारखं झालं. बायकांनी हॅट काढल्या. कुणी गुडघे टेकले. मघाशी खिदळणाऱ्या त्याच बायका आता आपल्या क्वेचुआ भाषेत हळूहळू काहीतरी म्हणत होत्या, आणि तो एकत्र आवाज जमिनीतूनच येतोय असं वाटत होतं.

लुस्मिला जागच्या जागी उभी राहिली. तिला रागवायचं होतं, पण राग आलाच नाही. इतकं मोठं, इतकं सुंदर काही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. या भवनात ती दिवसरात्र वावरली होती, पण हे देऊळ होऊ शकतं हे तिला आजच कळलं. तिचे डोळे भरून आले. नुसत्या धुरानं नव्हे. पहिल्यांदाच तिला वाटलं, उद्या सगळं नीट होईल. या लोकांना कुणीतरी सांभाळतंय.

बराच वेळ गेला. धूर छताशी दाटून राहिला होता. सेनोबिया तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. शालीच्या टोकानं तोंड पुसलं, लुस्मिलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि वर बघत मिश्कील हसली.

"काय गं मामिता, तुझी घंटा कुठे वाजली?"