हेलनची पाठवणी

बाहेर उणे पंचवीस, म्हणून आर्डिसबाईंनी हेलनला स्वयंपाकघरात आणून मांडीवर घेतलं होतं. हेलन म्हणजे कोंबडा. पिल्लं विकणाऱ्याने छातीठोकपणे "सगळ्या माद्याच" म्हणून दिली होती. पाचव्या महिन्यात हेलनने बांग दिली आणि त्याचं पितळ उघडं पडलं. अमेरिकेतल्या त्या डुलुथ शहरात घरी कोंबड्या पाळता येतात, कोंबडा नाही. शुक्रवारपर्यंत हलवा, अशी नगरपालिकेची नोटीसच आली होती.

बाईंनी जाहिरात दिली: फुकट, पण कापायला नाही. दोघं येऊन गेले. दोघांनीही मोठमोठ्या शेतांच्या बाता मारल्या. दुसऱ्याच्या गाडीत तर पिसं काढायचं पातेलंच दिसत होतं! दोघांना बाईंनी दारातूनच वाटेला लावलं.

आज तिसरा आला होता. यिया वांग, सेंट पॉल शहरातला, तिशीतला माणूस; लाओसच्या डोंगरांतून इकडे आलेल्या हमोंग लोकांपैकी. बूट दाराशी काढून, टोपी हातात घेऊन उभा होता.

"शेत आहे का तुमचं?"

"नाही बाई. तिसऱ्या मजल्यावर राहतो."

"मग याला ठेवणार कुठे?"

"ठेवणार नाही. उद्या सकाळी कापणार."

बाईंनी हेलनला जवळ ओढलं. "जाहिरात वाचता येत नाही का हो?"

"वाचली. खोटं बोलणार होतो, सगळ्या वाटेत तेच घोकत आलो. पण या कामाला खोटं बोलून कोंबडा न्यायला मन होईना."

"कसलं काम?"

"माझी मुलगी तळ्यावरच्या बर्फातून खाली गेली. लगेच काढली वर. डॉक्टर म्हणतात, अगदी ठणठणीत आहे. पण तीन आठवडे झाले, धड जेवत नाही, एक शब्द बोलत नाही." त्याने टोपी पिळली. "जीव घाबरून तिथंच राहिलाय तिचा. आमच्या रीतीप्रमाणे उद्या दार उघडून त्या जिवाला हाका मारायच्या. त्याला एक कोंबडी आणि एक कोंबडा लागतो; कोंबडी मिळाली, कोंबडा मिळत नाही. कापल्यावर कोंबड्याचा जीव तळ्यावर जातो आणि तिच्या जिवाला शोधून घरी आणतो. मग आम्ही सगळे त्याला खातो."

हे असलं काही खरं असतं का, बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांना रडू मात्र आलं, हेलनसाठी आणि त्या न पाहिलेल्या पोरीसाठीही.

"नाव काय तिचं?"

"पाकू."

बाईंनी व्हॅसलीनची डबी उघडली आणि हेलनच्या तुऱ्याला बोटाने चोळू लागल्या. थंडीने तुरा काळा पडून झडतो.

"राहू द्या बाई, गाडीत हीटर आहे."

"गाडीचं नाही म्हणत मी. तळ्यावर वारा फार असतो."

मग त्या हेलनच्या कानाशी वाकल्या. "पाकू नाव आहे तिचं. लहान आहे, घाबरली असेल. हळू हाक मार."